चक्रवर्ती वज्रकेतूचा दिग्विजय

७ सप्टेंबर २०२५, रविवार. संध्याकाळी ७.१०

पुन्हा जिंकलो. जोडीचे पट्टे सलग अकराव्यांदा राखले. तोआ पायोहच्या इंडस्ट्रियल बिल्डिंगमधला आमचा हॉल आज दुमदुमला. प्रेक्षक एकशे चाळीस. हा आकडा डेस्मंडचा, म्हणजे आमच्या कुस्त्या भरवणाऱ्याचा. जाईने मोजले त्रेसष्ट. जाई माझी मुलगी, वय चौदा, गणितात कच्ची.

नोंदीसाठी: मी रिंगमध्ये चक्रवर्ती वज्रकेतू. जोडीदार सुगत, तो माझा 'अनुज'. दोन्ही नावं मीच ठेवली. शाळेत संस्कृतला अठ्ठ्याण्णव होते, ते असे कुठेतरी उपयोगी पडतात. सुगत नागपूरचा, बुओना व्हिस्टाला एका लॅबमध्ये संशोधन करतो, वय एकोणतीस. पोरगा गुणी आहे. कच्चा आहे, पण मी आहे ना.

आज वीस मिनिटांच्या कुस्तीत अठरा मिनिटं तो आत होता. मी दोरीबाहेर उभा राहून नेतृत्व केलं. शेवटी त्याने टाळी देऊन मला आत घेतलं आणि मी जोहोरच्या शहाण्णव किलोच्या गड्याला डोक्यावर उचलून आपटलं. हा माझा डाव, वज्रपात. फुलासारखा उचलला गेला बिचारा. माझ्या प्रवेशाला गुलाबपाकळ्या उधळायची पद्धत आहे, आणि हॉल परत देताना त्या झाडून द्यायची. झाडायचं काम सुगत बघतो. नेतृत्वाने सगळंच करायचं नसतं.

संकल्प: उद्यापासून चोवीस सूर्यनमस्कार. नारळाच्या जॅमचा काया टोस्ट बंद.

८ सप्टेंबर, सोमवार. दुपारी १२.२५

सूर्यनमस्कार: अर्धा. खाली गेलो. वर येण्यासाठी मधुवंतीला हाक मारावी लागली. तिने एका हाताने उठवलं, दुसऱ्या हातात चहाचा कप होता. म्हणाली, हेमू, डिसेंबरात अठ्ठेचाळीस पूर्ण होतील, आता त्या चड्डीला सुट्टी दे. ती हे बायकोच्या नात्याने बोलते. कलेच्या नात्याने तिला काही कळत नाही.

ऑफिसला एमसी, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरची रजा, टाकली. डॉक्टर म्हणाला, मणक्यात चकती सरकली आहे, वजन उचलू नका. मी म्हटलं, मी वजन उचलत नाही, माणसं उचलतो. त्याने चष्म्यावरून पाहिलं आणि गोळ्या वाढवल्या.

टोस्ट दोन खाल्ले. गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नव्हती.

१३ सप्टेंबर, शनिवार. दुपारी १२.४०

डेस्मंडने हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, बोलावलं. स्वतः कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणून दिली, तेव्हाच शंका यायला हवी होती. बातमी मोठी: सव्वीस ऑक्टोबरला ओसाकाच्या एका कंपनीचा माणूस आपली कुस्ती पाहायला येतोय. अखेर! इतकी वर्षं तपश्चर्या केली, आसन डळमळायचंच होतं.

मग त्याने सांगितलं की त्या दिवशी जोडी फुटायची. मी विरुद्ध सुगत. शेवटी सुगतने माझी पाठ टेकवायची.

लोक नाक मुरडून विचारतात, तुमचा निकाल आधीच ठरलेला असतो ना? नाटकाचाही असतो. म्हणून राजा मरताना कुणी उठून जात नाही. आमच्या धंद्यात एक रीत आहे: जाणाऱ्याने राहणाऱ्यापुढे पाठ टेकायची, म्हणजे त्याचं नाव पुढच्याच्या अंगावर चढतं. रीत उदात्त आहे. मी एवढंच विचारलं की जाणारा कोण.

डेस्मंडने कोपी ढवळली. म्हणाला, ब्रो, यू ऑलरेडी फॉर्टी-एट. मी म्हटलं, सत्तेचाळीस. तो म्हणाला, कॅन, कॅन, फॉर्टी-सेव्हन, बट युवर बॅक इज सिक्स्टी लाह.

कोपी अर्धी टाकली. निषेध म्हणून.

१६ सप्टेंबर, मंगळवार. रात्री ८.३०

सरावाला सुगत भेटला. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, दादा, तुमच्या मनात नसेल तर मी डेस्मंडला नाही म्हणून सांगतो. पण मनात त्याच्या किती आहे ते दिसत होतं. ओसाकाला त्याने दोनदा अर्ज केलाय. दोन्ही वेळा उत्तर नाही. म्हणाला, ते लोक तिशीच्या आतलेच घेऊन राहिले दादा, आणि मला जानेवारीत तीस लागतात. ही एकच कुस्ती आहे माझ्याकडे. नववीत असल्यापासून हेच डोक्यात आहे, लॅब आईसाठी केली.

मी भारावलो. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि शब्द दिला: टेकवीन पाठ, अशी टेकवीन की ओसाका हलेल. त्याने वाकून नमस्कार केला. पोरगा खरंच गुणी.

९.१५. शब्द जरा घाईत दिला का?

२१ सप्टेंबर, रविवार

मधुवंतीचा लग्नातला शालू सापडत नाही म्हणून घरात शोधाशोध. तो माझ्या नव्या झग्याचं अस्तर झाला आहे. वेळ आल्यावर सांगीन. झगा अप्रतिम, मागे मोरपिसांचा पिसारा. लिटिल इंडियातल्या शिंप्याने विचारलं, गणपतीसाठी का? मी म्हटलं, साधारण तसंच.

जाईने पाहिला. म्हणाली, पप्पा, सो क्रिंज लाह, माझ्या स्कूलसमोर घालू नका हं. तिला सौंदर्यशास्त्र शिकवायला हवं. इंग्रजी शाळेत घालून चूक झाली.

सूर्यनमस्कार: विश्रांती.

५ ऑक्टोबर, रविवार. सायं. ६.००

गेले दोन आठवडे विचार केला. ओसाकाचा माणूस अनुभवी असणार. अनुभवी माणूस येईल तो नेता पाहायला. अनुचर पाहायला कोण विमानात बसतं? सुगतच्या झेपा, कोलांट्या ठीक आहेत, पण ते माकडही करतं. तेज हवं, आणि तेज वयाने येतं. तीस वर्षांची अट पोरांसाठी असेल. चक्रवर्तींना अटी नसतात.

आज सरावात सुगतने शेवट तीनदा करून घेतला. मी तिन्ही वेळा पाठ टेकली. तिसऱ्यांदा उठायला त्याचाच हात धरावा लागला. तो घाम पुसत म्हणाला, दादा, तुमच्यामुळे हे होऊन राहिलं.

२० ऑक्टोबर, सोमवार. दिवाळी. सकाळी ११.००

ऑफिसला सुट्टी. सुगत फराळाला आला. येताना मधुवंतीला मिठाई आणि जाईला कुस्तीचे मोजे. अर्धा तास तिला दिवाणखान्यातल्या गादीवर पडायचं कसं ते शिकवत होता. ती माझ्याशी इंग्रजीत बोलते, त्याच्याशी मराठीत. दादा, असं? दादा, परत! मी चकल्या मोजत होतो.

निघताना जिन्यात थांबला. विचारलं, सव्वीसला शेवट ठरलाय तसाच ना दादा? मी म्हटलं, अनारसा घेतलास का? तो म्हणाला, घेतला. मी म्हटलं, अजून एक घे. तो घेऊन गेला.

मधुवंतीने दार लावलं आणि दाराला टेकून उभी राहिली. हेमू, तुझ्या डोक्यात काहीतरी शिजतंय. मी म्हटलं, छे. ती म्हणाली, वीस वर्षं तुझा हा चेहरा बघतेय, कंपनीत तुझ्या हाताखालच्या पोरीचं प्रमोशन अडवलंस तेव्हा हाच होता. त्या पोराच्या वाटेत पाय घालू नकोस. आणि माझा शालू कुठाय?

चकल्या नऊ.

२५ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी ३.००

निर्णय झाला. पंच एक म्हणेल, दोन म्हणेल, आणि मी खांदा उचलीन. पुढे वज्रपात. विजय. ओसाका.

हा शब्दभंग नाही. शब्द सुगतला दिला होता, तो खाजगी. कला सार्वजनिक आहे. शिवाय त्याचंही भलं आहे: मी तिकडे गेलो की त्याला बोलावून घेईन. थोडं स्थिरस्थावर झाल्यावर. दोनएक वर्षांत.

सुगतला आधी सांगावं का? नको. त्याचा अभिनय कच्चा आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ९.३०

पाठ छान. दोन गोळ्या जास्त घेतल्या. टोस्ट नाही! झोप उत्तम, मधूनमधून.

२६ ऑक्टोबर. संध्याकाळी ७.२०

क्रमाने लिहितो, म्हणजे पुढे वाद नको.

प्रवेश अपूर्व. ओसाकाचे गृहस्थ दुसऱ्या रांगेत कडेला, मांडीवर वही. त्यांच्या मागे मधुवंती आणि जाई. झगा फिरवला तेव्हा अस्तर दिसलं. मधुवंतीकडे पाहिलं नाही.

बारा मिनिटं ठरल्याबरहुकूम. तेराव्याला सुगतने मला खाली घातलं. एक. दोन. मी खांदा उचलला. हॉल ओरडला. सुगतला वाटलं माझं मोजायला चुकलं. पुन्हा दाबून कानाशी म्हणाला, दादा, आता राहा. एक. दोन. मी पुन्हा उचलला. पंच डेस्मंडकडे पाहू लागला. डेस्मंड कपाळाला हात लावून उभा. आणि तेव्हा सुगतला कळलं. ते मी अगदी जवळून पाहिलं. दुसरीकडे बघायला जागा नव्हती.

मी उठलो. हात पसरले. वज्रपात! एक हात त्याच्या मांडीखाली, एक कमरेला, आणि उचलला.

उचलला गेला नाही.

शास्त्र असं आहे की या डावात उचलला जाणारा स्वतः उडी मारतो, उचलणारा फक्त दिशा देतो. हे मला ठाऊक होतं. इतरांच्या बाबतीत.

सुगत नुसता उभा होता. झटापट नाही, काही नाही. बस थांबावी तसा थांबला. पाठीतून वीज गेली. पुन्हा जोर लावला. एसीचा आवाज ऐकू येऊ लागला. मग कुणीतरी हसलं, मग बरेच जण. मी त्याच्या कमरेला मिठी मारून तसाच.

मी म्हणालो, सुगत, उडी मार. हे मी म्हणालो की नाही याबद्दल दुमत होऊ शकतं. जाईच्या मते मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

तो म्हणाला, दादा, तुम्ही शब्द दिला होता. एवढंच. आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

मग त्याने उडी मारली. काय मारली! हवेत पाय झाडले, किंचाळला, दोरीकडे हात पसरून वाचवा वाचवा केलं, जणू साक्षात डोंगराने उचललंय. हसणारे गप्प झाले, पुढच्या रांगेतली बाई उभी राहिली. तो वर गेला, आपटला, गादी हादरली, पाठ टेकली. एक, दोन, तीन.

विजयी: चक्रवर्ती वज्रकेतू.

टाळ्या खूप झाल्या. लोक उभे राहिले. सगळे खाली, गादीवर पडलेल्याकडे पाहून वाजवत होते.

२७ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ७.००

एमसी. मधुवंतीने उठवलं नाही. स्वतः उठलो, वीस मिनिटं लागली. शालू टेबलावर, उसवलेला. जाईने ब्रेडला जॅम लावता लावता विचारलं, पप्पा, सुगतदादाने का उडी मारली? त्याला नको होती ना? मराठीत विचारलं. मी म्हटलं, खेळाची शिस्त. ती म्हणाली, ओके. तिच्या ओकेत काही बरं नव्हतं.

सुगतला फोन केला. लागला नाही. म्हणजे लागला, उचलला नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

ओसाकाहून मला ईमेल नाही. स्पॅम तपासलं. चारदा.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १.१५

डेस्मंड भेटला. कोपी माझी मीच आणली. सुगतला ओसाकाने घेतलं. तीन वर्षांचा करार. डेस्मंडने त्या गृहस्थांना विचारलं होतं की तो तर हरला, मग कसा? ते म्हणाले, ताकदवान पोरं आमच्याकडे ढिगाने आहेत; पण फसलेल्या कुस्तीत, हसणाऱ्या लोकांसमोर, तसल्या माणसाला जो ताकदवान दाखवू शकतो, तो कुणाबरोबरही लढेल.

'तसल्या' म्हणजे कसल्या, हे मी विचारलं नाही. जपानीचं इंग्रजी, इंग्रजीचं सिंग्लिश, वाटेत पुष्कळ सांडत असणार.

थोडक्यात, मी खांदा उचलला नसता तर त्याची निवड झाली नसती. हे कुणीतरी त्याच्या लक्षात आणून द्यायला हवं. त्याला चौदा सूचनांचं पत्र पाठवलं. उत्तर आलं: थँक्यू दादा, काळजी घ्या. पाठीची.

तिकडे तो 'सुगत' याच नावाने लढणार. 'अनुज' घे म्हणून पंधरावी सूचना पाठवली. उत्तर नाही.

डेस्मंड म्हणाला, नव्या वर्षात पाहू. कुठल्या ते म्हणाला नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी २.००

चांगी विमानतळावर सुगतला पोचवून आलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मधुवंती आणि जाई निघाल्याच होत्या आणि टॅक्सीत जागा होती. त्याने मला पाहून वाकून नमस्कार केला, पूर्वीसारखाच. जाई रडली. मधुवंतीने त्याच्या हातात लाडवांचा डबा दिला आणि म्हणाली, पोचल्यावर आईला आधी फोन कर.

मला काहीतरी बोलायचं होतं. कालपासून वाक्य तयार होतं. सुरुवात 'त्या दिवशी' अशी होती. तेवढ्यात चेक-इनला त्याची पाळी आली. मोठी बॅग सरकत्या पट्ट्यावर ठेवायची होती. मी पुढे झालो. तो म्हणाला, असू द्या दादा, मी करतो. मी म्हटलं, बाजूला हो.

वाकलो, धरली आणि उचलली. एका दमात. स्क्रीनवर आकडा आला: एकोणतीस किलो. पाठीत कळ नाही, काही नाही. अजिबात जड लागली नाही.

सुगत माझ्या शेजारीच उभा होता. त्याचा हात कुठे होता, ते मी पाहिलं नाही.