ताईच्या डाव्या डोळ्यासंबंधी

मंगळवार, दिनांक १४ ऑक्टोबर २०२५ रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, ज्येष्ठ नागरिक केंद्राच्या तळमजल्यावरील खोलीत, माझ्या थोरल्या बहिणीचा डावा डोळा माझ्या परवानगीवाचून वर उचलण्यात आला. हे मृत्युपत्र मी त्या कारणाने लिहीत आहे. एरवी मला मरायची घाई नाही.

मी, पाणीपुरवठा खात्यातील निवृत्त ट्रेसर, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, हे राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहिते. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत पोहोचले तेव्हा ते मोबाइल बघत होते, म्हणून मी पुन्हा शंभरापासून सुरुवात केली. तेव्हा कुठे त्यांनी सही केली. नशा मी कुठलीही करत नाही. राग येतो, पण कायदा तो नशेत धरत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले आहे.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते याद्वारे रद्द समजावे. त्यात केंद्राला बरेच काही विनाअट दिले होते, ही माझी चूक होती.

कलम १. राहते घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या भाचीला. नळ डावीकडे फिरवून बंद होतो, हे तिला माहीत आहे. माझी भांडी, कपाटे आणि पुस्तकेही तिचीच. अट एकच. "आत्या, जाऊ दे ना, दुसरं काढ" हे वाक्य तिने आजपर्यंत चार वेळा म्हटले आहे, ते पाचव्यांदा म्हणू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तीच करील. ती उशिरा येते, पण येते.

कलम २. दोन बोटांचा काळा हातमोजा. टॅबलेटवर चित्र काढताना तळहात पडद्यावर टेकला की नको तिथे रेघ उमटते, म्हणून तो घालतात. पहिल्यांदा मी तो घालून दार उघडले तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या परिचारिकाबाई "भाजलं का हो?" म्हणत मलम घेऊन आल्या. हातमोजा त्यांना द्यावा. मलमाची ट्यूबही परत करावी, ती माझ्याकडेच राहिली आहे.

कलम ३. हे कलम लांब आहे. वाचणाऱ्याने बसून घ्यावे.

एकतीस वर्षे मी ट्रेसिंगच्या कागदावर दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या. अभियंता पेन्सिलीने नकाशा काढी, मी त्यावर पारदर्शक कागद टाकून शाईने तो उतरवून घेई. स्वतःची म्हणून एकही रेघ मी ओढली नाही. अडुसष्टाव्या वर्षी केंद्रात टॅबलेटवर चित्रे शिकवण्याचा वर्ग निघाला, तेव्हा मी नाव घातले. शिकवणारे सर वयाने माझ्या भाचीपेक्षा लहान, स्वभावाने चांगले आणि सगळ्यांना आजी म्हणणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी लेअर म्हणजे काय हे सँडविचचे उदाहरण देऊन सांगितले. खाली पाव, वर काकडी. वर्गातल्या निम्म्या लोकांना भूक लागली, लेअर कोणाला कळले नाहीत. मी म्हटले, "सर, कागदावर कागद ठेवायचा आणि खालचं दिसू द्यायचं, एवढंच ना?" ते म्हणाले, "आजी, तुम्ही आधी कुठे शिकलात?" मी म्हटले, "पगार घेऊन शिकले."

रेघ थरथरू नये म्हणून त्या टॅबलेटात स्टॅबिलायझर नावाची सोय असते. आपण कशीही ओढली तरी ती रेघ सरळ करून देते. सरांनी सगळ्यांचे वाढवून ठेवले होते. माझे मी शून्यावर आणले. माझा हात अजून हलत नाही, आणि हलेल तेव्हा ती रेघ हललेलीच दिसली पाहिजे.

घरी बसून काढायला माणूस एकच होते, ताई. ताई टेलिफोन केंद्रात ऑपरेटर होती. आम्ही दोघी याच घरात अठ्ठेचाळीस वर्षे एकमेकींना उणेदुणे बोलत सुखाने राहिलो. तिचा डावा डोळा उजव्यापेक्षा अर्धे बोट खाली होता, पापणी जरा झुकलेली. जन्मापासून तसाच. त्यामुळे ती तुमच्याकडे पाही तेव्हा अर्धी तुमचे ऐकते आहे आणि अर्धी तुमच्यावर हसते आहे असे वाटे. तसेच असायचे.

तिचा खरा फोटो एकही नाही. आमच्या फोटोवाल्याला सद्‌भावनेची खोड होती. तो दर वेळी ब्रशने डोळा जागेवर आणून देई, त्याचे पैसेही घेत नसे. टेलिफोन केंद्राच्या ओळखपत्रावर त्याने तिला इतके सुधारले की पहारेकऱ्याने तीन दिवस तिला आत सोडले नाही. "बाई, हे कार्ड कुणाचं आणलंत?" तिसऱ्या दिवशी तिने फाटकातूनच त्याला असे काही ऐकवले की त्याने आवाजावरून ओळखले.

म्हणून मी तिला काढायला बसले. अकरा बैठका झाल्या.

"झालं का गं?"

"हलू नकोस."

"हलत नाहीये, श्वास घेतेय. तोही बंद करू?"

"ताई, तोंड मिट. ओठ काढतेय."

"मग आधी कान काढायचेस, म्हणजे मला बोलता आलं असतं. आणि हे बघ, त्या फोटोवाल्यासारखं करू नकोस हं. त्याने माझ्या जागी कुणी भलतीच बाई बसवली. मला तिच्याशी चाळीस वर्षं एका भिंतीवर राहावं लागलंय."

बाराव्या बैठकीआधी, गेल्या वर्षी फेब्रुवारीत, ताई गेली. केस आणि खुर्चीची पाठ मी नंतर एकटीने पुरी केली. चेहऱ्याला हात लावला नाही. या वर्षी दोन ऑक्टोबरला ते चित्र केंद्राच्या स्पर्धेसाठी मी ईमेलने सचिवांकडे पाठवले. पोहोचल्याचे उत्तर आले. ते मी जपून ठेवले आहे. माझ्याकडून गेलेला ईमेल मात्र जागा अडते म्हणून दुसऱ्याच दिवशी कायमचा पुसला.

चौदा तारखेला निवडलेली चित्रे मोठ्या आकारात छापायची होती. सरांनी तयारीसाठी टॅबलेट मागून घेतला. एका तासाने परत दिला तो हसतच.

"आजी, एक छोटंसं सरप्राइज. डोळा जरा घसरला होता, मी उचलून घेतला."

"कुणाचा?"

"चित्रातल्या बाईंचा. आरशात बघितल्यासारखं उलटं केलं ना, की चूक लगेच दिसते. सगळ्यांचं होतं असं. लाजायचं काही नाही."

"मी लाजत नाहीये. खाली घ्या तो."

"आता नाही येणार. फाइल जड होती म्हणून सगळे लेअर एकत्र केले. पण बघा ना, किती छान दिसतायत!"

"अहो, ती बाई तशीच होती!"

 त्याच खोलीत मागे कॅरम खेळणाऱ्यांपैकी कोणीतरी म्हणाले, "बाई, सुंदर केलंय की, रडताय काय?" मी रडत नव्हते. चष्मा पुसत होते.

चेहरा ओल्या मातीसारखा सरकवता येईल असे एक हत्यार त्या टॅबलेटात असते. सरांनी त्याने ताईचा डोळा ढकलला, पापणी ताणली आणि जाता जाता तोंडाचा कोपराही सारखा केला. आता ती माझ्यावर हसत नाही. बँकेच्या जाहिरातीतल्या बाईसारखी माझी चौकशी करते. भाचीने माझी चित्रे आपोआप इंटरनेटवर साठवली जावीत अशी सोय करून दिली होती. त्या आज्ञाधारक सोयीने दोन मिनिटांत जुना चेहरा पुसून नवा ठेवला. जुन्या प्रती राखायची सोय वेगळी घ्यावी लागते म्हणे.

तेव्हा ताईचा खरा चेहरा या जगात आता एकाच ठिकाणी आहे. सचिवांच्या कार्यालयातील संगणकात, दोन ऑक्टोबरच्या ईमेलला जोडलेला.

कलम ४. एकोणीस तारखेला या चित्राला प्रथम क्रमांक मिळाला. परीक्षकांचा शेरा: "चेहऱ्यातील समतोल विशेष उल्लेखनीय." करंडक मी भंगारवाल्यासाठी दाराबाहेर ठेवला होता, परिचारिकाबाईंनी चुकून राहिला समजून आत आणून दिला. तो परीक्षकांना समसमान वाटून द्यावा. कसा, ते त्यांनी ठरवावे, समतोल त्यांना कळतो.

कलम ५. सचिवांना मी दोन अर्ज केले. केंद्राच्या छापील अर्जावर तक्रारीचे प्रकार चार आहेत: पंखा, पाणी, सभासदांचे वर्तन, इतर. मी "इतर"वर खूण केली आणि मागे पानभर लिहिले. उत्तर आले नाही. मग स्वतः गेले.

"बाई, बक्षीस मिळालेल्या माणसाने तक्रार केली, असं माझ्या अकरा वर्षांत झालं नाही."

"मला बक्षीस नको. माझी फाइल द्या."

"प्रवेशिका नोंदीत गेली. आता ती केंद्राची मालमत्ता."

"मी प्रत मागतेय. मूळ ठेवा, तिची पूजा करा."

मग त्यांनी दार लोटून घेतले आणि खरे सांगितले. "हे बघा, आलेलं चित्र आणि जिंकलेलं चित्र वेगळं आहे हे बाहेर आलं, तर निकाल रद्द करावा लागेल. छापून झालंय सगळं. दुसऱ्या नंबरवाले आधीच डोळ्यात तेल घालून बसलेत. तुम्ही समजूतदार आहात."

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे दुसऱ्याच्या वहीत हात घालणारीला वर्गाबाहेर उभे करत आणि ते लपवणारीला तिच्या शेजारी. समजूतदारपणा हा विषय आम्हाला नव्हता.

अर्ज कोणी वाचत नाही. मृत्युपत्र मात्र लोक शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, म्हणून हा मार्ग धरला आहे.

कलम ६. खात्यातले आमचे मुख्य आरेखक. त्यांच्यावर मी अडतीस वर्षे राग धरला, तो याद्वारे सोडते. झाले असे की एका नकाशात जलवाहिनी मध्येच उगाच वाकडी गेलेली दिसली. मला वाटले अभियंत्याचा हात घसरला. मी ती सरळ करून दिली. ते वाकण जुनी विहीर चुकवण्यासाठी होते. खोदणाऱ्यांना ती कळली तेव्हा त्यांच्यातला एकजण कमरेइतका आत होता. मला लेखी समज मिळाली: "ट्रेसरने रेघ सुधारू नये. शंका आल्यास विचारावे." मला तो अपमान वाटला होता. साहेब, तुमचे बरोबर होते.

कलम ७. ती लेखी समज, मूळ कागद, चित्रकलेच्या सरांना. सोबत माझी शाईची रूलिंग पेने, पेटीसह. मागच्या आठवड्यात सर घरी आले होते. पाणीही न पिता दारातच उभे.

"आजी, मला माहीत नव्हतं हो."

"मला विहीर माहीत नव्हती. बसा."

मग त्यांनी स्वतःचा संगणक तीन वेळा धुंडाळल्याचे सांगितले. माझ्या बाजूने सचिवांना पत्र लिहायलाही ते तयार आहेत, नोकरी कंत्राटी असूनही. त्यांच्याशी माझे भांडण मिटले आहे, हे इथे नोंदवते. फक्त त्यांनी बोलता बोलता "परत काढूया ना, मी मदत करतो" असे म्हटले, तेवढे त्यांच्या वयाला माफ.

परत काढून पाहिले आहे. सहा वेळा. केंद्राच्या दिवाणखान्यात, पाण्याच्या यंत्रावर, ते छापील चित्र टांगले आहे आणि येता-जाता मला दिसते. सहाही वेळा माझ्या हाताने डोळा वर काढला. हात हलला नाही. चुकीच्या जागी स्थिर राहिला. ताईचा डोळा नेमका किती खाली होता हे आता मला खात्रीने सांगता येत नाही. वर "अर्धे बोट" लिहिले आहे ते लिहिल्यापासून मला त्याचीही शंका आहे.

कलम ८. टॅबलेट, मोठा पडदा, कंबरेला आधार देणारी खुर्ची, मान वळवता येणारा दिवा, आणि ताईच्या व माझ्या नावावरील मुदत ठेव. यातून केंद्रात चित्रकलेसाठी वेगळी खोली व्हावी, कॅरमच्या सोंगट्या रंगपेटीत न येणारी, असा माझा विचार होता आणि अजूनही आहे. सचिवांनी तिची पाटीही करून ठेवली आहे. मी ती कपाटामागे पाहिली. माझ्या नावाआधी "कै." घातले आहे. रंग वाळला आहे, मी अजून आहे.

हे सर्व केंद्राला मिळेल, पण खाली दिलेल्या मुदतीत दोन ऑक्टोबरची फाइल मला मिळाली तरच. निकाल रद्द करावा लागला तर करावा. दुसरा क्रमांक एका गृहस्थांच्या बोक्याच्या चित्राला आहे. बोका चांगला आहे, आणि त्याचे दोन्ही डोळे त्याचेच आहेत.

फाइल न मिळाल्यास या कलमातील सर्व काही निवृत्त टेलिफोन ऑपरेटर मंडळाला जावे. त्यांना चित्रकलेत काडीचा रस नाही, पण ते उत्तर देतात.

कलम ९. माझा फोटो कोणी लावू नये. लावायचाच झाल्यास दुरुस्त न केलेला लावावा. हनुवटीवरचा मस माझा आहे.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने, खाडाखोड न करता लिहिला, वाचला आणि खालील दोघांसमोर सही केली. दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. परिचारिकाबाईंना साक्षीदार व्हायचे होते, पण हातमोजा मिळणार असल्याने त्यांना होता येत नाही. त्या रुसल्या आहेत.

साक्षीदार पहिला: तळमजल्यावरील औषध दुकानदार (सही)
साक्षीदार दुसरी: शेजारच्या दारातील निवृत्त ग्रंथपाल (सही)

सही: मृत्युपत्र करणारी, निवृत्त ट्रेसर
स्थळ: राहते घर, तिसरा मजला
दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५, सोमवार, सकाळी साडेदहा

प्रत: सचिव, ज्येष्ठ नागरिक केंद्र, यांना समक्ष, पोच घेऊन.

कलम ८ बाबत आपले उत्तर शुक्रवार, दिनांक २८ नोव्हेंबर २०२५ रोजी सायंकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हाती पडावे. उत्तर लेखी हवे. "बघतो" हे उत्तर धरले जाणार नाही, शिपायाकडून पाठवलेला नमस्कारही नाही. उत्तराला दोन ऑक्टोबरची फाइल जोडावी, आली तशी, कोणीही हात न लावलेली. ती मी इथे खिडकीजवळ उघडून पाहीन. ताईचा डावा डोळा खाली नसेल, तर उत्तर आले नाही असे समजले जाईल.