न विझणारा ठिपका

१२ नोव्हें., कर्जत
सापडला! दहा दिवसांपूर्वी आकाशात जिथे गॅमा-स्फोट झाला, तिथेच रेडिओ नकाशात ठिपका. स्फोटाची मागे उरलेली धग, दुसरं काय असणार. गटातला केदार पुण्याहून फोनवर म्हणे, दुसरं निरीक्षण होईपर्यंत थांब, तिथली दीर्घिकाही रेडिओत दिसू शकते. याला माझं काही बरं झालेलं बघवतच नाही. शोधाची सूचना जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना पाठवून दिली, पहिलं नाव माझं. झोंबू दे त्याला.

१४ नोव्हें.
आमच्या गटाचे प्रमुख, सर, भडकले, त्यांना न विचारता सूचना पाठवली म्हणून. के.नेच कान भरले असणार. अंगणात आईची भाताची झोडणी, लॅपटॉपवर तूस. तिच्यावर उगाच खेकसले.

२८ नोव्हें.
दुसरा नकाशा. ठिपका तेवढाच. काडीचा फरक नाही. धग असेल तर कधीतरी विझेल, दीर्घिका असेल तर जन्मभर अशीच. मेल्या, हल की जरा.

२९ नोव्हें.
के.चा मेल, सरांना प्रत. "सूचना मागे घेणार आहेस का?" बस, एवढंच. कशी आहेस वगैरे नाही.
उत्तर ठोकलं: रेडिओतली धग आधी चढते, मग उतरते. आपण तिला चढताना एकदा, उतरताना एकदा त्याच उंचीवर गाठलं असेल. माथेरानच्या गाडीने जाता-येता जुम्मापट्टी स्टेशन दोनदा लागतंच ना. खोटं नाही हे. पण मी शास्त्र लिहीत नव्हते, भांडत होते.

३ डिसें.
सरांनी तिसरं निरीक्षण मिळवलं, १० जाने. ठिपका तसाच निघाला तर माघारीचं पत्र माझ्या सहीने, आणि पुढच्या स्फोटांचं सगळं काम के.कडे. त्याच्याकडे!

१९ डिसें.
परदेशातल्या एका गटाने माझ्या सूचनेवर विसंबून त्यांची दुर्बीण तिकडे वळवली. वर माझे आभार मानलेत.

८ जाने.
शेतावर जाळात पोपटीचं मडकं लावलेलं. मडक्यातल्या वालाच्या शेंगा सोलता सोलता आईने विचारलं, ठिपका काय म्हणतो. विझायला हवा, म्हटलं.
"आनि नाय इजला तर?"
"तर केदार खरा."
"मंग? तो खरा ठरला तर तुजं काय जळतं गं?"
उठून घरी आले.

११ जाने.
डेटा आला. के.सुद्धा उतरवून घेतोय, तसं कळवलंय शहाण्याने. माघारीचं पत्र लिहून ठेवलं. "केदारने आधीच सावध केलं होतं" ही ओळ घातली, खोडली, परत घातली. आता राहू दे.
नकाशा बनतोय, अजून तासभर तरी. ठिपका विझला तर पत्र जाणार नाही आणि ती ओळ कुणी वाचणार नाही.
तरी विझ, मेल्या.