मोटर उजवीकडे बसली त्याबद्दल विहीणबाईंना

आदरणीय विहीणबाई,

तुम्हाला हात जोडून नमस्कार, आणि या वेळी ते नुसतं लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? व्याह्यांना झोप लागते का? आमच्याकडे सगळं ठीक आहे, म्हणजे ह्यांचा उजवा खांदा कामातून गेला आहे, माझ्याशी घरात कुणी धड बोलत नाही आणि बोट काठावर ताडपत्रीखाली पडून आहे, एवढं सोडलं तर ठीक. मी तुम्हाला आजवर आपणहून पत्र लिहिलेलं नाही. (लग्नात खुर्च्यांवरून आपलं जे झालं ते तुम्ही विसरला असाल. मी विसरलेले नाही, पण आज तो विषय नको.) तेव्हा पाकीट बघूनच तुम्ही ओळखलं असेल की काहीतरी माझ्या अंगाशी आलेलं आहे. आलेलं आहे. तुमचा मुलगा चष्म्याशिवाय आणि ओल्या बुटांनी घरी परतला, त्याला कारण मी. त्यानं तुम्हाला काय सांगितलं कोण जाणे. पाय घसरला म्हणाला असेल. तसाच आहे तो. (तुमचं वळण. मान्य करते.)

तर मुळापासून सांगते. आमचे हे जन्मभर बोटीतून मासे धरत आले. हल्ली पोटासाठी नाही, माझ्या आवाजापासून लांब राहायला. गळ पाण्यात सोडायचा आणि बोट सावकाश न्यायची, इतकी सावकाश की माशाला वाटावं, हा घास आपला आपण फिरतोय. मोठं इंजिन लावलं की मासे पळतात, म्हणून तेवढ्यापुरती हे वल्ही मारायचे. तर खांदा गेला. डॉक्टरीणबाईंनी वल्ह्यांना हात लावायचा नाही म्हणून दम दिला आणि हे खिडकीत येऊन बसले. मुळात गप्प माणूस, तो आणखी गप्प झाला. सकाळी बसायचे ते उन्हाबरोबर खुर्ची सरकवत संध्याकाळपर्यंत. मला ते बघवेना. (प्रेमबिम काही नाही, खिडकीत मी भाजी निवडते.) तेव्हा तुमच्या मुलानंच सुचवलं की अशा कामाला एक छोटी विजेची मोटर मिळते. ट्रोलिंग मोटर म्हणतात तिला. मोठ्या इंजिनाच्या शेजारी मागच्या फळीवर बसते, बॅटरीवर चालते, आवाज करत नाही आणि एका हातानं वळवता येते. एवढ्यासाठी तो रजा टाकून आला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, पाना-पक्कड घेऊन आला, माहितीची पुस्तिका वाचून आला. मी काय घेऊन आले? माझं तोंड.

दुकानात पहिली चूक. दुकानदार म्हणाला, बोट, सामान आणि बसणारी माणसं मिळून वजन किती ते सांगा, त्यावर मोटर किती ताकदीची घ्यायची ते ठरतं. ह्यांनी आपलं सांगितलं, जावईबापूंनी सांगितलं, आणि मग सगळं दुकान माझ्याकडे बघायला लागलं. तिथं एक काटकुळी बाई गळाचा दोरा निवडत होती, तिनंसुद्धा दोरा खाली ठेवला. मी जे वजन सांगितलं ते माझंच होतं, विहीणबाई, पण माझ्या लग्नाच्या वर्षाचं. ह्यांनी छताकडे पाहिलं. जावईबापू हळूच म्हणाले, "आई, थोडं वाढवून धरू या का? डबा, पाण्याची बाटली, असं काहीबाही असतं."

"डबा मी मांडीवर धरीन," मी म्हणाले.

दुकानदारानं तरीही मोठी मोटर काढून दाखवली. मी त्याला म्हटलं, माझ्या तोंडावर मला लठ्ठ म्हणायचा हा चांगला रस्ता शोधलात. तो बिचारा काही बोललाच नव्हता. शेवटी सगळ्यात लहान मोटर घेतली. मिक्सरला काठी लावावी तशी दिसत होती.

दुसरी चूक बसवताना. बोट रंगवायला म्हणून काठावर दोन घोड्यांवर पालथी घातलेली होती. (लाकडाचे घोडे, सुताराचे असतात ते.) मागच्या फळीच्या मधोमध मोठ्या इंजिनाची जागा आणि फळी जुनी, म्हणून तिला एका बाजूला जाड लाकडी ठोकळा बोल्टांनी आवळायचा आणि त्यावर छोटी मोटर अडकवायची. ह्यांचा उजवा खांदा गेलेला, म्हणजे मोटर डाव्या हाताला हवी. सगळा खटाटोप त्यासाठीच तर होता. मी खडू घेतला आणि डावीकडे खूण केली. जावईबापू खूण बघत उभे राहिले. म्हणाले, "आई, बोट पालथी आहे." मी म्हणाले, मला दिसतंय. म्हणाले, "नाही, म्हणजे सुलटी केल्यावर हे..." त्यांना मी पुढं बोलूच दिलं नाही. धक्क्यावर जाळी शिवणारा होता, निळ्या बोटीवाला होता, त्यांच्यासमोर ठणकावलं, की तुम्ही लिफ्टवाले, तुम्हाला वर आणि खाली तेवढंच कळतं, डावं-उजवं मला शिकवू नका. लोक हसले. मला बरं वाटलं. (हे लिहिताना आता कानाच्या पाळ्या तापल्या आहेत.) त्यांनी आणखी एकदा खुणेकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं मी सांगितलं तिथं भोकं पाडली. सासूचं ऐकायचं असतं असं त्यांना कुणी शिकवलं? तुम्हीच ना?

रंग वाळला, चार जणांनी मिळून बोट सुलटी केली आणि डावीकडचा ठोकळा माझ्या डोळ्यांदेखत फिरून उजवीकडे गेला. विहीणबाई, तेव्हा तोंड उघडायचं होतं. मी उघडलं, पण म्हणाले काय, तर असंच हवं होतं, तेवढाच खांद्याला व्यायाम.

पाण्यावर गेलो तेव्हा वारा होता. बॅटरीला जागा हवी म्हणून पेट्रोलचा डबा मी घरी ठेवायला लावला होता, आणि ह्यांना वल्ह्यांचा मोह नको म्हणून वल्ही पलंगाखाली दडवली होती. थोडा वेळ छान गेलो. हे अगदी हसलेसुद्धा, आणि मी लगेच म्हणाले, बघा, माझं ऐकलं म्हणून. मग तलावाच्या मध्यावर वारा समोरून आला आणि मोटर पुरी सोडूनही आम्ही मागं जायला लागलो. सावकाश, अगदी गळाला हवी त्या बेतानं, पण मागं. ह्यांना मोटर वळवायची तर उजवा हात पुढे जाईना. जावईबापू मदतीला उजवीकडे वाकले. ते नीट करतात की नाही बघायला मीही उजवीकडे सरकले. माझं ते दुकानात न सांगितलेलं सगळं वजन तेव्हा एकदम कामाला लागलं. बोट कलंडली, जावईबापू चष्म्यासकट पाण्यात. त्यांना पोहता येतं हे चांगलं. चष्म्याला येत नाही.

आम्हाला ओढून कुणी आणलं म्हणता? बदकाच्या आकाराच्या पायडलच्या बोटीनं. आत एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं, हातात हात घालून फिरायला आलेलं. त्या पोरीनं आपल्या ओढणीनं आमची बोट बांधून घेतली आणि दोघं धापा टाकत पाय मारत राहिली. बदकाची मान मागून सबंध वाटभर मला दिसत होती.

हे सगळं मी हसून सांगू शकते. पुढचं नाही. धक्क्यावर उतरलो, तेच लोक जमलेले, कुणीतरी विचारलं ही मोटर उलट्या बाजूला कुणी बसवली? मी तुमच्या मुलाकडे बोट दाखवलं. थंडीनं त्याचे दात वाजत होते, डोळे बारीक करून तो आवाज कुठून येतो ते बघत होता. मी म्हणाले, भोकं यांनीच पाडली. तो म्हणाला, "हो, मीच पाडली." एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पाया पडून गेला. मुलगी (तुमची सून, चांगली वागली की माझी मुलगी) फोनवर हं, बरं, ठेवते, याच्या पुढे जात नाही. ह्यांनी बोटीवर ताडपत्री घातली आणि परत खिडकीत बसले. बोटीची किल्लीसुद्धा खिळ्यावरून काढून आत ठेवून दिली.

मी परवा धक्क्यावर जाऊन जाळी शिवणाऱ्याला सांगितलं की खूण माझी होती. तो म्हणाला, आम्हाला माहीतच होतं. आता तुम्हालाही सांगते. खूण माझी, वजन माझं, तोंड माझं. तुमच्या मुलाचा काडीचा दोष नाही. चुकले. हे पत्र त्याला वाचून दाखवा. मला समोरासमोर बोलता येणार नाही, बोलायला गेले तर मीच त्याला दोन शब्द सुनावीन.

तुमची
विहीण

ता. क. खरं काम राहिलंच. त्याला परत पाठवा. ठोकळा काढून डावीकडे बसवायचा आहे आणि मोठी मोटर घ्यायची आहे. मी काही बोलणार नाही. खडूसुद्धा फेकून दिला.

ता. क. आणखी एक. पाकीट चिकटवायला उठले तर हे आतल्या खोलीत फोनवर हळू आवाजात बोलत होते. दारापाशी उभी राहिले. तुमच्या मुलाशी बोलत होते. दोघांचं रोज बोलणं होतं म्हणे, मला पत्ता नाही. मोठी मोटर ठरलीसुद्धा, रविवारी बसवणार आहेत. आणि आईंना काठावरच ठेवायचं, हेही ठरलं. हे हसले. परत खिडकीत बसल्यापासून पहिल्यांदा हसलेले ऐकले, ते यावर. ठरवलं ते बरोबर आहे. म्हणजे हे पत्र नसतं लिहिलं तरी चाललं असतं, पण लिहिलं ते खोडणार नाही.

ता. क. शेवटचं. रविवारी त्याच्याबरोबर तुम्ही या. ते दोघं पाण्यावर गेले की मी काठावर एकटी, आणि धक्क्यावरचे लोक मला बघून अजून हसतात. तुम्ही मला शिव्या घालायला पत्र लिहाल, तर ते नको. दुसऱ्याचं अक्षर मी हल्ली डोळ्यांपायी जुळवत जुळवत वाचते, शिवी संपेपर्यंत तिचा जोर जातो. इथं येऊन घाला. तुमच्यासाठी पाठ टेकता येईल अशी खुर्ची मांडून ठेवते.