आईकडून आलेला रंग

नागपूर

चि. महारुद्र यास,
ताईचा आशीर्वाद. आम्ही दोघं ठणठणीत आहोत, हे आधी वाच आणि मगच पुढं जा.

तुझा भाचा इंद्रजित रेल्वे ड्रायव्हरच्या लेखी परीक्षेत पास झाला, पण डोळ्यांच्या तपासणीत अडकला. ठिपक्यांच्या चित्रातला आकडा त्याला दिसेना. नजर उत्तम, फक्त लाल आणि हिरवा सारखेच दिसतात. ऑफिसातलं काम मिळू शकतं म्हणतात, काळजी नको.

मी लगेच त्याच्या वडिलांच्या घराण्याला दोष दिला. डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, "हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतं." बी.एस्सी.ला मी हेच पाठ केलं होतं! माझं दुसरं एक्स चांगलं, म्हणून मला सगळे रंग दिसतात.

मला ते दोषाचं एक्स बहुधा आपल्या आईकडून आलं. मग तुलाही आलं असेल का? कळंबच्या मामांना पिकलेली मिरची ओळखता यायची का, मामींना विचारून कळव. सोलापूरला जाऊन डोळेही तपासून घे.

त्या भाऊबीजेला मी हिरवी साडी मागितली आणि तू तपकिरी आणलीस. "ताई, हिरवीच हाय की," असं तू म्हणत राहिलास, आणि मी चारचौघांत तुला खोटारडा ठरवून साडी परत केली. तेव्हापासून साडी तुझी बायको शारदाच निवडते.

तुझी तपासणी काहीही सांगो, तू खोटं बोलला नव्हतास. मी चुकले. यंदा दुकानात एकटा जा आणि तुला आवडेल ती आण. मी नेसेन.

तुझी ताई,
वत्सला