शेडमध्ये पाय न ठेवता

३ मार्च, सोमवार
शी! आज परत शेड नंबर चार. बूट तीनदा धुतले, तरी खोलीत तोच वास. केसांत पीस सापडलं. कानातसुद्धा.

कुणी विचारलं तर मी ‘सेन्सर इंजिनिअर’ सांगतो. (शाळा आठवीत सोडली, पण तेवढं खोल कुणी विचारत नाही.) खरं काम म्हणजे कोंबड्यांच्या शेडमध्ये आढ्याला टांगलेले डबे पुसणं. डब्यात पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर असतो. तो हवेतला विष्ठेचा गॅस मोजतो, गॅस वाढला की पंखे जोरात सोडतो आणि आकडा ऑफिसच्या स्क्रीनवर पाठवतो. एवढा हुशार डबा, पण स्वतःवरची घाण पुसता येत नाही. त्यासाठी मी.

निश्चय: या महिन्यानंतर शेडमध्ये पाय ठेवायचा नाही. घरापासून एवढ्या लांब मी काय कोंबड्यांचं तोंड बघायला आलो?

४ मार्च
देव आहे. साहेबांनी बोलावलं. डब्यांमधली सिस्टीम जुनी झालीय, बाराही डबे अपग्रेड करायचे. ऑफिसात बसून, नेटवरून! वर म्हणाले, कंट्रोल रूमची खुर्ची रिकामी होतेय, जो हे काम नीट करेल त्याचा विचार करू. म्हणजे माझाच. शेजारी घुम्या पण उभा होता. घुम्या म्हणजे माझा रूममेट, दिवसाला चार शब्द बोलतो, तेही मीठ मागायला. तो मोजण्यात नाही.

खुर्ची फिरते. वर एसी.

आईला फोन करून सांगून टाकलं की खुर्ची मिळाली. आई म्हणाली, बरं झालं बाबा, पण मागच्या खेपेला तू मॅनेजर झाला होतास ना? आईला करिअर समजत नाही.

६ मार्च
साहेबांनी सूचना दिल्या. आधी एकच डबा करा, दोन दिवस बघा, मग पुढचा. त्याआधी प्रत्येकाच्या मेमरी कार्डाची कॉपी काढून ठेवा. आता कॉपी काढायची म्हणजे शिडी घेऊन शेडमध्येच जा! मग नेटवरून करण्यात मजा काय उरली? साहेबांचं वय झालंय.

घुम्या म्हणाला, काढू या कॉपी, मी येतो शिडी धरायला. शिडी धरणारी माणसं आयुष्यभर शिडीच धरतात.

७ मार्च
माझ्या टेबलावर एक जादा डबा असतो, वायरने जोडलेला. त्याच्यावर ट्रायल घेतली. एका दमात झाली! मध्येच मशीनने इंग्रजीत एक प्रश्न टाकला. सेटिंगची नवीन फाईल आलीय, नवीन घेऊ की तुमची जुनी ठेवू? हा काय प्रश्न झाला? नवीन समोर असताना जुनं कोण ठेवतं? नवीनसाठी Y होता, दाबला. डबा बंद झाला, उठला, कामाला लागला.

साहेब म्हणाले होते दोन दिवस बघा. मी वीस मिनिटं बघितलं. वीस मिनिटांत माणूस कळतो, डब्याचं काय घेऊन बसलात.

८ मार्च, शनिवार
इतिहास घडला. बाराही डबे एकदम लावले. प्रत्येकाने तोच प्रश्न विचारला, प्रत्येकाला Y. घुम्या मागून म्हणाला, अरे, काय विचारतंय ते वाच तरी. मी म्हटलं, वाचत बसायचं असतं तर शाळा कशाला सोडली असती?

दुपारी सगळे बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला गेले. गेले ते कुणी उत्तरच देईना. साहजिक आहे. सिस्टीम मोठी, उठायला वेळ लागणार. सुट्टीच्या दिवशी मला पण लागतो. स्क्रीनवर बाराही ठिपके हिरवे आहेत, आकडे दिसतायत. बस झालं.

शेडचे बूट कचऱ्यात टाकले. हात साबणाने धुतले.

१० मार्च
साहेबांना स्क्रीन दाखवली. आधी गॅसची रेघ कशी वर-खाली, ताप आलेल्या माणसासारखी. आता पट्टीने ओढावी तशी सरळ. साहेब म्हणाले, इतकी सरळ कशी काय? मी म्हटलं, जुनी सिस्टीम घाबरट होती, साहेब. त्यांना मीटिंगची घाई होती. म्हणाले, बस मग आजपासून तिथे, पुढचं पुढे बघू.

बसलो! फिरलो. पाच वेळा. घुम्याने चहा आणून दिला. शोभतो त्याला.

११ मार्च
सुखात विघ्न. शेड चारवरच्या मामांचा फोन. पोरा, पंखे नुसते रांगतायत, डोळ्यांचं पाणी थांबेना, कोंबड्या चोची वासून बसल्यात. मी म्हटलं, मामा, स्क्रीनवर हवा उत्तम आहे. म्हणाले, मग ती स्क्रीनवरची हवा धाड की इकडे थोडी! मी शांतपणे म्हटलं, डोळ्यांत औषध टाका. म्हणाले, तू ये, तुझ्या डोळ्यांत काय टाकायचं ते मी काढून ठेवलंय.

किळसवाणी भाषा. फोन ठेवला.

मग शेड दोन. मग अकरा. सगळ्यांचं एकच रडगाणं, म्हणजे आपसात ठरवून केलेलं. माणूस जरा खुर्चीत बसला की लोकांच्या पोटात दुखतं. शेड नऊवर नवीन पोरगा आहे, तो मात्र गुणी. त्याने फक्त विचारलं, दादा, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, सगळं हिरवं आहे. बरं म्हणाला. असा पाहिजे माणूस.

१२ मार्च
घुम्या बोलला. साहेबांसमोर, सलग.

म्हणे नवीन आकडा आला नाही की स्क्रीन शेवटचा आकडाच दाखवत राहते. आपण बघतोय ती शनिवारची हवा. म्हणे जुन्या फाईलमध्ये शेडच्या वायफायचा पासवर्ड होता, Y दाबून मी तो पुसला. पंख्यांना हुकूमही वायफायवरूनच जायचा. टेबलावरचा डबा वायरवर, म्हणून तो मजेत राहिला. वर्षभराचे साठवलेले शब्द मेल्याने माझ्यावरच खर्च केले.

साहेबांनी सगळ्या शेडना फोन लावले, पंखे हाताने सोडा. मामा म्हणाले, कालच सोडलेत, पोराच्या भरवशावर बसलो असतो तर झालं होतं कल्याण. सगळ्यांनी कालच सोडले होते.

नऊ सोडून. त्या पोराने माझ्या स्क्रीनवर विश्वास ठेवला.

१३ मार्च
शेड नऊ. मेलेली कोंबडी हलकी असेल असं वाटायचं. नसते. पोती भरून बाहेर ओढली. वास लिहिता येत नाही. दोनदा ओकलो. नऊवरचा पोरगा पोत्याचं तोंड धरून उभा होता. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. जाताना म्हणाला, दादा, हातमोजे तिथे ठेवा.

मशीनने मराठीत विचारलं असतं तर मी नीट उत्तर दिलं असतं. हे साहेबांना सांगायचं राहिलं.

१४ मार्च
खुर्ची घुम्याला. नवीन कार्डं तो बनवणार, एकेक. दोन-दोन दिवस बघणार. शिडी लावून डब्यात मी बसवणार. तोपर्यंत पाळीपाळीने एकेका शेडमध्ये हातातलं मीटर घेऊन उभं राहायचं आणि तासातासाला फोनवर आकडा सांगायचा. साहेब म्हणाले, नोकरी ठेवलीय हे घरी सांग.

कचऱ्यात बूट शोधले. नाहीत. मामांचे जुने घेतले. आत काहीतरी ओलं होतं.

१७ मार्च, सोमवार
आज शेड सात. आईचा फोन आला. म्हणाली, हा कसला कलकलाट? मी म्हटलं, मीटिंग चालू आहे.

घुम्या नावाने हाक मारत नाही. शेड सात, आकडा? एवढंच. मी सांगतो, तो टाईप करतो, तिकडे ठिपका हिरवा होतो. दुपारी हात बरबटलेले, फोन कोपराने उचलला, मीटर पुसून वाचायला वेळ लागला. पलीकडून साहेबांचा आवाज आला, सातचं काय झालं? घुम्या म्हणाला, चालू आहे साहेब, जुना डबा आहे, जरा वेळ घेतो.

आकडा सांगितला.