शंभरामागे तीन

चरोदा, भिलाई
१९ जानेवारी २०२५

ती. मोठे बाबा,

नमस्कार. घरी सगळे ठीक. बाबांची बदली टळली. तुमचे गुडघे कसे आहेत? नागपूरला थंडी फार आहे असं मोठी आई म्हणाली.

इथल्या मराठी मंडळाने, मी रविवारी घेते त्या मराठी वर्गाला खोली मिळावी म्हणून अर्ज करायचं ठरवलं. कॉलनीत मराठी घरं किती वाढली हे दाखवायचं काम माझ्याकडे होतं. गेल्या वर्षी नागपूरला जाईपर्यंत तुम्ही दरवर्षी घरांची मोजणी लिहीत होतात, तीच वही घेतली. २०१२ साली १२०, २०२४ साली १७१. तुम्ही शिकवलं तसं केलं: शेवटची संख्या भागिले पहिली, बारा वर्षांचं म्हणून बारावं मूळ. दरवर्षी तीन टक्के वाढ. अर्ज गेला.

मग राहवेना, म्हणून वहीतलं एकेक वर्ष तपासलं. १२०, १२४, १२७, १३१. दर वर्षी तीनच टक्के. माणसं अशी वाढत नाहीत, मोठे बाबा. कुणाची बदली होते, कुणी रिटायर होऊन गावी जातं.

चार रविवार वर्ग संपल्यावर दारोदार फिरले. चौऱ्याऐंशी घरं. दर पुन्हा तीन टक्केच निघाला, पण घटीचा.

मोठ्या आईला फोन केला. ती हसली. "ते कुठं फिरले व एवढ्या वर्षांत? खुर्चीवर बसूनच आकडे टाकत. तुले मालूम नोव्हतं?"

नव्हतं. चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही, तुमच्याजवळच शिकले. आवारात कडुनिंब किती, हे अंदाजाने सांगितलं की तुम्ही म्हणायचात, "पायले का? जाय, मोजून ये."

बैठकीत मी खरा आकडा सांगितला. अध्यक्ष श्यामराव काका म्हणाले, "तू त गणितात एम.एस्सी. हायेस न व? हे कसं झालं?" वंदना काकू म्हणाल्या, "घरं हिनंच वाढवली, आता वर्गात पोरंही हिनंच आणावी."

मी वही दाखवली नाही. पहिल्या वर्षानंतरचे आकडे मीच अंदाजाने काढले, असं सांगितलं. मंडळाने अर्ज मागे घेतला. रविवारचा वर्ग घ्यायला येऊ नकोस, असंही काकांनी मला सांगितलं.

मी तुम्हाला वाचवलं असं समजू नका. त्या घटकेला दुसरं काही तोंडातून निघालंच नाही.

आकडे कुणाचे होते, एवढ्या दोन ओळी श्यामराव काकांना लिहा. मी त्यांना काही सांगणार नाही. पण तुम्ही लिहीपर्यंत नागपूरला येणार नाही, कौस्तुभदादाच्या लग्नालासुद्धा.

तुमच्याकडे शिकलेली,
उत्कर्षा