बुडालेलं बेट

ती. बाबा,

नमस्कार. मी वेळेवर जेवते, हे आधीच लिहून टाकते. म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

एवढ्या लांब परदेशात, पृथ्वीगोलाच्या कारखान्यात शिकाऊ मुलीला चहाच आणायला लावतील, असं तुम्ही म्हणाला होतात. पूर्वी तसंच होतं म्हणे, आणि एकही शिकाऊ टिकत नसे. आता कारखाना चालवणाऱ्या मोठ्या बाई प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एक अख्खी पृथ्वी देतात. कोऱ्या गोलावर नकाशाच्या ओल्या पट्ट्या चिकटवताना दुपारभर बोटांखालून समुद्र सरकत राहतात. डोळे मिटले तरी निळंच दिसतं.

माझ्या हातून एक बेट पट्टीखाली गडप झालं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण तिथेही कुणाचे तरी बाबा राहत असतील, असं वाटून मला चैन पडेना. शेवटी बाईंना सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, "चुका सगळ्यांच्याच होतात गं. बेटासाठी कासावीस होणारी तू पहिलीच. कायमची राहतेस का?"

मी हो म्हणाले, बाबा. रागावलात?

आईचा खोकला खरंच थांबलाय ना?

तो बिघडलेला गोल पाठवतेय. त्यावर इथून आपल्या घरापर्यंत माझी एक वीत आणि वर दोन बोटं भरतात. तुमचा पंजा मोठा. तुमची एकच पुरेल.

तुमची,
धाकटी